दवाखान्याचं ग्रेडिंग



गटाचं ग्रेडिंग म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बँकेत कर्जाचा प्रस्ताव टाकायचा म्हटलं की आधी पंचसूत्री बघतात. बैठक नियमित होते का, बचत वेळेवर जमते का, अंतर्गत कर्ज फिरतं का, परतफेड थकलेली नाही ना, वह्या पूर्ण लिहिल्यात का. साहेब वही उघडतात, बोट ठेवून विचारतात, आणि आपल्या अध्यक्षबाईंना घाम फुटतो. दहा-बारा बायकांच्या छोट्याशा गटाची एवढी तपासणी होते. मग ज्या दवाखान्यात आपण बाळंतपणाला जातो, लेकराला सुई टोचून आणतो, सासऱ्यांची बीपीची गोळी आणतो, त्या दवाखान्याचं ग्रेडिंग कोण करतं? होतं तरी का?

होतं. पण ते सुरू व्हायला फार वर्षं लागली, आणि त्यामागे मोठी गोष्ट आहे. आजच्या भाषणात आम्ही तीच सांगणार आहोत.

सुरुवात पुण्यातून करू. साल 1897. मुंबईत आदल्या वर्षी प्लेग आला होता, तो पुण्यात पोचला. सरकारने फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा केला आणि पुण्यात रँड साहेबाच्या हाती कारभार दिला. गोरे सोल्जर घराघरांत शिरायचे, रोगी शोधायचे, संशय आला की त्याला प्लेगच्या इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत. परक्या पुरुषांनी बायकांना तपासायचं, तेही आडोसा न करता, हे लोकांना सहन झालं नाही. रँडचा खून झाला तो याच रागातून, 22 जूनला. ती गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. त्याच वर्षी दोन बायकांनी जे केलं ते मात्र पुस्तकात थोडक्यात आटपतात.

एक सावित्रीबाई फुले. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई तिथे सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं, बरोबर दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली होत्या. सावित्रीबाई गेल्यावर दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी वर्तमानपत्रात एक पत्र छापलं. सरकारी प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायका-मुलींची नीट व्यवस्था नाही, त्या तिथे सुरक्षित नाहीत, असं त्यांनी उघड लिहिलं. आपल्या सदनातली एक मुलगी तिथे नेल्यावर तिच्या वाट्याला काय आलं, तेही लिहिलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी हे सगळं चुकीचं आणि दिशाभूल करणारं ठरवलं. पण पत्राची चर्चा थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेली.

आता बघा, रमाबाईंनी काय केलं? दवाखाना किती खाटांचा, डॉक्टर किती शिकलेला, हे त्यांनी मोजलं नाही. आत गेलेल्या बाईचं काय झालं, हे विचारलं. आमच्या मते आपल्याकडे सरकारी दवाखान्याची पहिली मोठी तपासणी म्हणून त्या पत्राचं नाव घ्यायला हवं. तिला ना तक्ता होता ना गुण. सरकारने ती खोटी ठरवली, हेही ध्यानात ठेवा. दवाखान्याबद्दल बाई बोलली की "असं काही घडलंच नाही" हे उत्तर आपणही ऐकलेलं आहे.

तक्ता आला तो दुसऱ्या देशातून. थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. बोस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. रोग्याचं ऑपरेशन केलं, टाके काढले, घरी पाठवलं, एवढ्यावर काम संपत नाही. वर्षाने त्याला गाठा आणि बघा, तो बरा झाला का? नसेल तर का नाही? चूक कुणाची? त्यांनी 1911 मध्ये स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि पाच वर्षांत घरी गेलेल्या 337 रोग्यांचा हिशोब छापला. त्यात स्वतःच्या रुग्णालयाच्या 123 चुका मोजून दाखवल्या. स्वतःच्या चुका स्वतःच्या खर्चाने छापणारा डॉक्टर! बाकीच्या डॉक्टरांना हे आवडलं नाही, हे सांगायला नकोच. पुढे ते रुग्णालय बंद पडलं.

पण कल्पना मेली नाही. तिथल्या सर्जन लोकांच्या संस्थेने 1917 मध्ये रुग्णालयांसाठी किमान अटी ठरवल्या. एका पानावर मावतील इतक्याच. डॉक्टर शिकलेले असावेत, त्यांनी ठरावीक दिवशी बसून आपल्या कामाचा आढावा घ्यावा, प्रत्येक रोग्याची नोंद पूर्ण लिहावी, तपासणीला प्रयोगशाळा आणि एक्स-रे असावा, अशा. म्हणजे जवळजवळ आपली पंचसूत्रीच: बैठक घ्या, वही लिहा. मग शंभर आणि त्याहून जास्त खाटांची 692 रुग्णालयं तपासली. पास किती झाली? 89. आणि नापास झालेल्यांत देशातली मोठमोठी नावाजलेली रुग्णालयं होती. 1919 सालची ही गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात त्या संस्थेची सभा होती. ही यादी वर्तमानपत्रवाल्यांच्या हाती लागली तर काय होईल या भीतीने पुढाऱ्यांनी रातोरात ती हॉटेलच्या भट्टीत टाकली.

जगातल्या दवाखान्यांच्या मानांकनाची सुरुवात अशी जळक्या कागदाने झाली. आकडे बाहेर आले, पण कुठलं रुग्णालय नापास, हे तिथल्या रोग्यांना कळू दिलं नाही. तरी तपासणी चालू राहिली आणि वर्षं गेली तसा पास होणाऱ्यांचा आकडा वाढत गेला, हेही खरं. तपासणीने सुधारणा होते. फक्त निकाल कुणाला दाखवायचा, ही भानगड तेव्हापासून आजपर्यंत सुटलेली नाही.

आता परत आपल्या मुलखात येऊ. ब्रिटिश राज्य संपत आलं तेव्हा, 1943 मध्ये, देशाच्या आरोग्याचा विचार करायला एक समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे नाव परदेशी वाटतं, पण भोर साहेब जन्माने नाशिकचे आणि शिकले पुण्यात. 1946 मध्ये त्यांचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारला जाऊ नये, हे त्यात सुरुवातीचं तत्त्व. आणि खेड्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र. आपलं पीएचसी या अहवालातून जन्माला आलं. तूर्तास चाळीस हजार लोकांमागे एक केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, चार प्रशिक्षित दाया, शिवाय इतर माणसं. गावात लोकांची एक आरोग्य समिती असावी, असंही त्यात होतं. हे 1946 साली लिहून ठेवलंय. आता आपल्या केंद्रातली रिकामी पदं आठवा.

1952 पासून केंद्रं उघडायला लागली. पुढे 1 मे 1962 ला आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे गेलं. म्हणून आजही पीएचसीची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जाते आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाची जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. हा फरक माहीत नसला की अर्ज घेऊन चुकीच्या दारात दिवस जातो. त्याच सुमारास मुदलियार समितीने देशभरची पाहणी केली आणि सांगितलं की आहेत ती केंद्रंच धड चालत नाहीत, नवीन उघडण्याआधी ती सुधारा. पण इमारतीचं उद्घाटन करता येतं, सुधारणेचं करता येत नाही. पुढची चाळीस वर्षं साधारण अशीच गेली. केंद्रं किती वाढली, उपकेंद्रं किती, पाच हजार वस्तीमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक, असा हिशोब व्हायचा. आत काय मिळतं, हे सरकारी कागदावर कुणी विचारत नव्हतं. आमच्या जामखेडचं काम मात्र या काळातलं वेगळं उदाहरण. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ते सुरू केलं आणि गावातल्या कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं. आशाताईंच्या कितीतरी आधी. त्यावर एक अख्खं भाषण होईल, म्हणून आज एवढंच.

मग 2005 आलं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. आशाताई आल्या, रुग्ण कल्याण समिती आली, गावात आरोग्य समिती आली. भोर साहेबांच्या कागदावरची समिती साठ वर्षांनी गावात उतरली म्हणायची. केंद्रात काय काय असलंच पाहिजे, याचे निकष 2007 मध्ये ठरले. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात एक मोलाची गोष्ट झाली, जी आमच्या मते सगळ्या महिला गटांनी पाठ करून ठेवावी.

तिचं नाव लोकाधारित देखरेख. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्याचं काम बघत होती, जिल्ह्या-तालुक्यांत तिथल्या संस्था-संघटना होत्या. गावातल्या बायका-माणसांनी एकत्र बसून आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरायचं. नर्सबाई गावात येतात का, लसीकरण होतं का, आरोग्य केंद्रात औषध मिळतं का की बाहेरून आणायची चिठ्ठी देतात, कुणी पैसे मागतं का, वागणूक कशी असते. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून रंग: चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग ही कार्डं घेऊन जनसुनवाई. समोर डॉक्टर, तालुक्याचे आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचे लोक, आणि माईकवर गावातली बाई.

तुम्ही म्हणाल, यात भांडणंच झाली असतील. झालीच असणार. चार लोकांत आपल्या कामावर लाल रंग लावलेला कुणाला आवडेल? आपल्या वहीवर ऑडिटरने लाल रेघ मारली तर आपल्यालाही आवडत नाही. पण माईक दोघांसाठी असतो. नर्सबाईही उठून सांगू शकतात की दोघींचं काम मी एकटी करते, क्वार्टरला पाणी नाही, मग रात्री मुक्काम कसा करू? आणि मग रिकामं पद भरा ही मागणी गाव आणि नर्सबाई मिळून करतात. 1919 च्या त्या भट्टीशी ताडून बघा. तिथे निकाल जाळला होता, इथे तो गावासमोर वाचून दाखवतात.

यानंतरचा टप्पा म्हणजे सरकारचं स्वतःचं ग्रेडिंग. केंद्र सरकारने 2013 मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं आणली. दवाखान्यात त्याला एनक्यूएएस म्हणतात, सिस्टरच्या तोंडी "एनक्वास". आधी जिल्हा रुग्णालयांसाठी, मग ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी. 2015 मध्ये 'कायाकल्प' बक्षीस आलं, ते स्वच्छतेचं. यात आधी केंद्र स्वतःची तपासणी करतं, मग शेजारच्या केंद्राचे लोक येऊन तपासतात आणि शेवटी बाहेरचे. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशा चार डब्यांत कचरा वेगळा ठेवलेला तुम्ही पाहिला असेल. सुई पांढऱ्यात, काच निळ्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात, प्लास्टिकच्या नळ्या लाल डब्यात. आणि 2017 च्या डिसेंबरात 'लक्ष्य' आलं, खास बाळंतपणाच्या खोलीसाठी. आम्हाला सगळ्यांत जवळचं वाटतं ते हे. कारण त्यात लिहिलंय की बाळंतिणीला पडद्याचा आडोसा हवा, तिच्याजवळ तिच्या घरची एक बाई थांबू द्यावी, तिच्यावर ओरडायचं नाही, हात उचलायचा नाही. रमाबाईंचं पत्र आठवलं का?

एनक्यूएएसची तपासणी कशी होते ते थोडं तपशिलात सांगतो, कारण तिथे आपलं काम आहे. एकूण आठ विभाग आहेत. कुठल्या सेवा मिळतात, रुग्णाचे हक्क, माणसं-औषधं-यंत्रं पुरेशी आहेत का, पाणी-वीज-धुणं यांसारख्या आधाराच्या सोयी, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग रोखणं, गुणवत्तेची व्यवस्था, आणि शेवटी निष्पत्ती. प्रत्येक मुद्द्याला गुण. पूर्ण असेल तर 2, अर्धवट असेल तर 1, नसेल तर 0. राष्ट्रीय प्रमाणपत्राला एकूण किमान 70 टक्के लागतात, शिवाय इतर अटी. गुण द्यायचे चार मार्ग: डोळ्यांनी बघणं, कर्मचाऱ्यांना विचारणं, नोंदी तपासणं, आणि चौथा, रुग्णाला विचारणं.

हा चौथा मार्ग आपला आहे. आमच्या प्रभागातल्या एका केंद्रात बाहेरची टीम यायची होती. आठ दिवस आधी भिंती रंगल्या, फलक लागले, नळ दुरुस्त झाले. ओपीडीत बसलेल्या बायकांना हळूच सांगितलं गेलं, विचारलं तर सगळं चांगलं आहे म्हणा. बायकांनी तसंच सांगितलंही, कारण उद्या परत तिथेच जायचंय. एक ओली बाळंतीण मात्र सरळ बोलली. सासूला आत येऊ दिलं नाही, आणि दार सतत उघडं-बंद होत होतं, लाज वाटली. एवढंच. टीमच्या बाईंनी ते लिहून घेतलं. काही महिन्यांनी त्या खोलीत पडदा आला आणि सोबतणीसाठी स्टूल आलं. आमच्या गटातल्या तीन सुना त्यानंतर तिथे बाळंत झाल्या, तिघींनीही स्टूल होतं असं सांगितलं. आम्ही विचारलंच.

म्हणून आम्हाला हे प्रमाणपत्र नुसतं भिंतीवरचं वाटत नाही. ते मिळालेल्या केंद्राला निधी मिळतो, आणि मुदत तीन वर्षांची असते. मधल्या दोन वर्षांत राज्याची टीम फेरतपासणी करते. म्हणजे एकदा रंग मारून भागत नाही. पण काही गोष्टी या तपासणीच्या नजरेत येत नाहीत, त्याही सांगायला हव्यात. केंद्रात आलेल्या बाईला विचारतात. जी आलीच नाही, जिला रात्री दोन वाजता दारातूनच तालुक्याला पाठवलं, जी पाड्यावरून निघाली आणि वाटेत जीपमध्ये बाळंत झाली, तिला कोण विचारणार? वर्षाने रोग्याला गाठून विचारायची कॉडमन डॉक्टरांची रीत या तक्त्यात बसलेली नाही. 2024 पासून उपकेंद्रांची तपासणी मोबाइलच्या कॅमेऱ्यावरूनही होते. लांबच्या उपकेंद्राला ते सोयीचं आहे, कबूल. पण कॅमेरा ज्याच्या हातात, तो ठरवतो कुठे फिरवायचा.

अमेरिकेत आता एक पाऊल पुढे गेलेत. तिथे नुसत्या रुग्णालयाला नाही, तर काउंटीच्या म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य कार्यालयालाही मानांकन मिळतं. साथ आली तर तयारी काय, पाणी कोण तपासतं, लोकांना माहिती कशी देता, हे बघतात. त्यासाठीचं मंडळ 2007 मध्ये स्थापन झालं, 2011 मध्ये त्याने अर्ज घ्यायला सुरुवात केली आणि 28 फेब्रुवारी 2013 ला पहिल्या 11 आरोग्य कार्यालयांना मानांकन दिलं. अर्जाआधीची अट आम्हाला फार आवडली. तिथल्या लोकांना बरोबर घेऊन इथली आरोग्याची दुखणी काय याची पाहणी करायची, सुधारणेचा आराखडा करायचा, आणि मगच अर्ज. आपल्या तालुका आरोग्य कार्यालयाला उद्या कुणी अशी अट घातली, तर पाहणीला माणसं शोधायची गरज नाही. ग्रामसंघाची बैठक महिन्याला होतेच.

तोवर जे हातात आहे ते बघू. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, त्यात निम्म्या तरी बायका असायला हव्यात. आपल्या गटातली कोण त्यात आहे, हे तिलाच माहीत नसतं, असं अनेक गावांत दिसतं. आधी नाव शोधा. समितीला वर्षाला मोकळा निधी येतो, त्याचा हिशोब बैठकीत मागा. केंद्रात गेलात तर प्रमाणपत्राची फ्रेम कुठे लावलीय ते बघा आणि त्यावरची तारीख वाचा. मुदत संपत आली असेल तर टीम येणार, आणि टीम येणार म्हणजे ओपीडीत बसलेल्या बाईला विचारणार.

आमच्या तीन ग्रामसंघांनी या वर्षी एक शंभरपानी वही घातलीय. बचतीच्या वहीसारख्याच रेघा मारल्यात: तारीख, कोण गेलं होतं, कशासाठी, औषध आत मिळालं की बाहेरची चिठ्ठी, बाहेर किती रुपये गेले, सोबतणीला आत घेतलं का. नाव लिहायचं नाही, गटाचा नंबर लिहायचा. ज्यांना लिहिता येत नाही त्या हिरवी, पिवळी किंवा लाल टिकली लावतात. टिकल्यांची पाकिटं गटाच्या पेटीतच ठेवलीत. रुग्ण कल्याण समितीची पुढची बैठक लागली की ही वही तिथे जाईल, आणि तिची एक झेरॉक्स आमच्याकडे राहील.